दोन पोरं, एक जुनं घर आणि आमच्या कपाटात नसलेली गोष्ट

इंग्रजीत प्रेमकथांच्या कादंबऱ्यांचा एक प्रकार आहे, तुम्ही वाचला नसेल तर थोडक्यात सांगतो. एक जुनं घर असतं, गळकं, वाळवी लागलेलं, कुणाला तरी वारशात आलेलं. ते नीट करायचं काम दोघांवर येऊन पडतं आणि त्या दोघांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही. एक जण माप घेतल्याशिवाय खिळा मारणार नाही, दुसरा आधी भिंत फोडतो म्हणणार आणि मग बघू काय ते. दोघं पुरुष असतात, नाहीतर दोघी बायका. पहिली पन्नास पानं नुसती भांडणं, मग छत गळतं, मग रात्री उशिरापर्यंत काम, मग एक दिवस रंगाचा डबा सांडतो आणि दोघं पहिल्यांदा एकत्र हसतात, आणि शेवटी घर पण उभं राहतं आणि त्या घरात ती दोघं पण राहतात. कुणी मरत नाही. कुणाला घरातून हाकलत नाहीत. एवढंच.

अशा चार-पाच मी मोबाइलवर वाचलोय, रात्री सगळं आवरल्यावर. आणि प्रत्येक वेळी शेवटचं पान झालं की मला एकच वाटतं की हे मराठीत का नाही, आणि मराठीत जाऊ दे, आमच्या बेळगावच्या मराठीत का नाही. लोकांना हा करमणुकीचा प्रश्न वाटेल, मला तो भाषेचा वाटतो, आणि आम्हा सीमाभागातल्या लोकांना भाषेचा प्रश्न म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको.

आधी आपल्याकडं काय आहे ते बघू. तेंडुलकरांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणलं, एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम आहे असं स्टेजवर उभं राहून सांगणारं नाटक, त्या काळात हे लिहायला केवढी छाती लागली असेल. पण शेवटी मित्रा जीव देते. २००६ साली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली, त्यात भाऊ आणि बहीण दोघंही घरातल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही टाकून निघून जातो. ही दोन्ही पुस्तकं मला मोठी वाटतात, ती लिहिली गेली म्हणून पुढच्यांना तोंड उघडता आलं. पण सोळा-सतरा वर्षांचं पोरगं जेव्हा लायब्ररीत स्वतःला शोधायला जातं तेव्हा त्याच्या हाताला एक मरण आणि एक निघून जाणं लागतं. तिसरं काय? आमच्या लायब्ररीच्या कपाटात तिसरं मला तरी सापडलेलं नाही.

आणि हे फक्त आपल्याकडंच असं झालंय असंही नाही. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर, त्यानं १९१३-१४ च्या सुमारास दोन पुरुषांच्या प्रेमाची 'मॉरिस' ही कादंबरी लिहून ठेवली, पण ती छापली गेली १९७१ साली, तो गेल्यानंतर. मला त्यातली सगळ्यात लागणारी गोष्ट म्हणजे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की शेवट सुखाचाच पाहिजे असं आपण ठरवलं होतं, आणि त्या सुखाच्या शेवटामुळंच पुस्तक छापणं जास्त अवघड झालं. दोघांतल्या एकाला फासावर लटकवलं असतं तर चाललं असतं. म्हणजे बघा, अशा माणसांचं दुःख वाचायला समाज तयार असतो, त्यांचं सुख वाचायला नसतो. आज इंग्रजीत ह्या हलक्याफुलक्या घर-दुरुस्तीच्या प्रेमकथा ढिगानं निघतात त्याच्यामागं ही एवढी वाट चाललेली आहे, त्या आभाळातून पडलेल्या नाहीत.

कन्नडमध्ये वसुधेंद्र यांचं 'मोहनस्वामी' हे पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाच्या गोष्टींचं पुस्तक २०१३ साली आलं. आमच्यातल्या कन्नड वाचता येणाऱ्या पोरांनी ते वाचलंय, मराठी घरातल्या पोरांनी, कारण शाळेत कन्नड होतंच. मराठी घरातलं पोरगं स्वतःची गोष्ट शोधत कन्नडमध्ये जातंय, इंग्रजीत जातंय, आणि आपण इकडं मराठी टिकली पाहिजे म्हणून मोर्चे काढतोय. हे दोन्ही एकाच गावात, कधीकधी एकाच घरात चालू आहे.

लढ्याला मी कमी लेखत नाही हे आधीच सांगतो. १९४६ चं साहित्य संमेलन बेळगावात झालं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला, १९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली आणि आम्ही ह्या बाजूला राहिलो, महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा घातला तो २००४ चा, अजून चालूच. एक नोव्हेंबरला आमच्याकडं काळा दिन पाळतात, मी लहानपणापासून त्या फेरीत चालतोय, आजोबांचा हात धरून चाललोय. पण चालता चालता एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला दिसली की आमच्या मराठीत लढायचे शब्द भरपूर झालेत आणि लाडाचे कमी पडायलेत. पोराला ऑफिसात कन्नड, नोकरीच्या इंटरव्ह्यूला इंग्रजी, रील बघायला हिंदी, आणि मराठी कुठं, तर घरात जेवायला बसल्यावर आणि भांडताना. आता ह्यातलंच एखादं पोरगं असं असेल की ज्याला दुसरं पोरगं आवडतं, तर त्याला मराठीत स्वतःसाठी कुठला शब्द मिळतो? बायल्या. शाळेच्या मैदानावर हाच मिळतो आणि गल्लीत पण हाच. मग तो प्रेम कुठल्या भाषेत करणार?

माझ्या मावशीचा मुलगा बेंगळूरला असतो, बारा वर्षं झाली. त्याचा जोडीदार धारवाडकडचा आहे, कन्नड बोलणारा. (त्याला विचारून लिहितोय हे, आणि त्याला ओळखता येईल असं काही लिहीत नाही.) दोघं घरात कन्नड आणि इंग्रजी मिसळून बोलतात. एकदा रात्री त्याचा फोन आला, म्हणाला, "अक्का, त्याला मराठीत काय म्हणू गं? आईला सांगायचं ठरवलंय मी, पण सगळं वाक्य तयार होतंय आणि त्या एका शब्दाला येऊन अडतंय. मित्र म्हटलं तर खोटं, पार्टनर म्हटलं तर आईला वाटेल धंद्यातला." त्या रात्री माझ्याकडं शब्द नव्हता. मराठी एम.ए. केलेली बाई मी, आणि माझ्याकडं माझ्या भावाला द्यायला एक शब्द नव्हता.

हो, मी बाई आहे, आणि वर सगळीकडं 'सांगतो', 'चाललोय' असंच लिहिलंय, कारण आमच्याकडं बायका असंच बोलतात. माझी आई 'मी येतो गं' म्हणूनच घरातून निघते, आजी पण तसंच म्हणायची, पुण्याला शिकायला गेलो तेव्हा होस्टेलवर पोरी हसल्या होत्या. ह्याच्यावर मी पुष्कळ विचार केलाय. ज्या भाषेत बाई रोज सकाळी पुरुषाचं क्रियापद लावून बाजारात जाते आणि कुणाला काही खटकत नाही, त्या भाषेला दोन पोरींची प्रेमकथा जड का जावी? उलट 'मी' म्हणून सांगितलेली कादंबरी बेळगावच्या बोलीत किती मजेदार होईल, सांगणारा बाप्या आहे की बाई हे वाचणाऱ्याला अर्ध्या पुस्तकापर्यंत कळणारच नाही, आणि कळलं तेव्हा तो त्या माणसावर जीव लावून बसलेला असेल. पुण्याच्या प्रमाण मराठीत हे करता येत नाही, पहिल्याच वाक्यात क्रियापद सांगून टाकतं. आमच्या बोलीत करता येतं.

आता घराचं. घर दुरुस्तीच का, असं मला एकीनं विचारलं, प्रेमकथा कुठंही होते की, कॉलेजात होते, ट्रेनमध्ये होते. तर मी सांगतो.

माझं माहेर शहापूरला. पूर्वी शहापूर सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजाचं, मधी एक रस्ता, त्यामुळं आमच्या गल्लीतली घरं बेळगावपेक्षा वेगळ्या ढंगाची, लांबच लांब, पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं परसू आणि आड. वर मंगळुरी कौलं. मागच्या पिढीत कुणीतरी सल्ला दिला म्हणून मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून घेतलेला. तीन वर्षांमागं पावसाळ्यात माजघराची भिंत छातीपर्यंत ओली झाली आणि गिलाव्याचा पोपडा हाताएवढा सुटून पडला. दुरुस्तीला खानापूरकडचे एक गवंडीमामा आले, सत्तरीचे, आणि माझ्या भावानं एक इंजिनिअर पोरगा आणला, सत्तावीस वर्षांचा. पहिल्याच दिवशी जुंपली. पोरगा म्हणाला वॉटरप्रूफिंग करून परत सिमेंट मारू, आठ दिवसांत मोकळे. मामांनी थापीची मूठ उलटी धरली आणि भिंतीवर ठोकत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मधे मधे डब डब आवाज यायचा. "ऐकलास? हितं पोकळ हाय. भिंतीला घाम येतोय आणि तू तिला रेनकोट घालायलास." म्हणजे मातीची भिंत ओल ओढते आणि सोडते, चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंटनं तोंड बंद केलं की ती आतच कुजत बसते आणि एक दिवस सगळा पोपडा घेऊन खाली येते. मामांनी चुना भिजत टाकायला लावला, दिवसचे दिवस, मग त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, आई रोज विचारायची घर बांधताय की लोणचं घालताय.

पोरानं लेझर लेव्हल आणलेली, भिंतीवर लाल रेघ पडायची. मामांनी ओळंबा सोडला. दोन्हींत एकच उत्तर आलं, भिंत दोन बोटं बाहेर झुकलेली. त्या वेळी दोघांनी एकमेकांकडं बघितलं ते मला आजही दिसतंय. त्यानंतर भांडणं थांबली नाहीत पण भांडणांचा आवाज बदलला. चौथ्या आठवड्यात पोरगा मामांसाठी घरनं डबा आणायला लागला आणि मामा त्याला चुना हातानं ओळखायला शिकवत होते, दोन बोटांत घेऊन, लोण्यासारखा झाला की झाला.

त्या दोघांत प्रेम वगैरे काही नव्हतं, एक आजोबा आणि एक नातू म्हणा. पण मला तिथं कळलं की ह्या कादंबऱ्यांत ही रचना का चालते. जुन्या घराच्या कामात ढोंग टिकत नाही. भिंत पोकळ असेल तर ठोकल्यावर सांगतेच. दोन माणसं महिनाभर एकाच धुळीत उभी राहिली की कोण घाईचा आहे, कोण भित्रा, कोण दुसऱ्याचा डबा उघडा दिसला तर झाकण ठेवतो, हे सगळं उघडं पडतं, आणि माणसावर जीव बसतो तो असल्याच गोष्टींवर बसतो.

आणि दुसरं कारण आमच्या गल्लीचं आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठंही बघा, कोण कुणाच्या घरात किती वाजता गेलं आणि किती वाजता बाहेर आलं हे समोरच्या कट्ट्याला माहीत असतं. दोन मुलींना रोज चार तास एका खोलीत बसायचं तर कारण द्यावं लागतं. घराचं काम निघालं की तेवढे तीन-चार महिने दार सताड उघडं असतं, अनोळखी माणसं आत-बाहेर करतात आणि गल्ली विचारत नाही, कामाला आलेत म्हणते. एक सुताराची पोरगी जी बापामागं सगळी अवजारं हातात घेऊन उभी राहिली आणि एक बेंगळूरहून परत आलेली, लॅपटॉपवर डिझाइन करणारी, घराची मालकीण, एक वासा वाचवायचा म्हणते आणि दुसरी स्लॅब टाकायचा म्हणते, ह्यांची गोष्ट आमच्या गल्लीत अगदी खरी वाटेल. परदेशी कादंबरीतल्यापेक्षा जास्त खरी.

परदेशी कादंबऱ्यांत मला एक खटकतं ते पण सांगितलं पाहिजे. त्यात पैसा कुठून येतो कळत नाही. घर एकाच माणसाच्या नावावर असतं, चावी खिशात, मनात आलं की भिंत पाडली. इथं तसं घर कुणाचं आहे? उताऱ्यावर सात नावं, त्यातली दोन मुंबईला, एक वारलेलं पण काढलं नाही, पुढच्या सोप्यात जुना भाडेकरू. कौल बदलायला पण काकाची सही लागते. आणि कामगार त्या पुस्तकांत नुसते मागं दिसतात, सकाळी येतात संध्याकाळी जातात, नाव नाही. आपल्याकडं असं लिहिलं तर गोष्ट मरेल, कारण आपल्याकडं गवंडीमामाच अर्धी गोष्ट असतात. म्हणून नुसता अनुवाद करून भागणार नाही, हे इथल्या चुन्या-मातीतच लिहायला पाहिजे.

ह्या उताऱ्यावरनंच कायद्याचं निघतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातून सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना बाहेर काढलं, गुन्हा राहिला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क मात्र देता येत नाही, ते संसदेनं बघावं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ खात्यानं स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं उघडायला अडचण नाही. म्हणजे आज माझा भाऊ आणि त्याचा जोडीदार मिळून घराच्या कर्जाचा हप्ता एका खात्यातून भरू शकतात, पण उद्या एकाला काही झालं तर दुसऱ्याला नवरा-बायकोसारखा आपोआप वारसा मिळत नाही, मृत्युपत्र करून ठेवलं तरच. आता सांगा, एकानं दुसऱ्याच्या घरावर वर्षभर राबून ते उभं केलं, ह्या साध्या हलक्या गोष्टीत ह्याहून मोठा ताण कुठला पाहिजे? तोसुद्धा रडारड न करता दाखवता येतो, वकिलाकडं दोघं जातात आणि वकील विचारतो तुम्ही एकमेकांचे कोण, एवढ्या एका प्रसंगात.

'आपल्याकडं हे नव्हतं, बाहेरनं आलंय' म्हणणाऱ्यांना मी फक्त सौंदत्तीची वाट दाखवतो. यल्लम्माचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात, मार्गशीर्ष पुनवेला कोल्हापूर-सांगलीकडनं मराठी माणसं गाड्या भरून येतात, उदं गं आई उदं. तिथं जोगप्पा असतात, पुरुषाच्या देहात जन्मून साडी-चोळी आणि भंडारा घेतलेले, आपण त्यांच्या परडीत जोंधळे घालतो आणि पाया पडतो. लोककलावंत मंजम्मा जोगती त्यातल्याच, त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी कर्नाटकानं सरकारी नोकरीत ट्रान्सजेंडर लोकांना एक टक्का जागा ठेवल्या. जोगप्पा आणि दोन प्रेमात पडलेली पोरं हे एक नव्हे, मी दोन्ही एका पोत्यात घालत नाही. पण पुरुष म्हणजे असाच आणि बाई म्हणजे अशीच ही गोष्ट ह्या मातीनं कधी एवढी घट्ट धरलेली नव्हती. आणि पाया पडणारी आपणच त्याच माणसाला घर भाड्यानं देताना मागं सरतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मला जास्त विचार करायला लावला तो एका कार्यकर्तीच्या बोलण्यानं. ती म्हणाली, पोरं अजून घरनं मार खातात, जबरदस्तीनं लग्नं लावतात, आणि तुला गुलाबी कादंबरी सुचते, ह्यानं दुखणं झाकलं जाईल. मी हे मनाला लावून घेतलो, बरेच दिवस. पण मग वाटलं की मुलगा-मुलीच्या प्रेमकथा दिवाळी अंकांतून एवढी वर्षं छापल्या, तेव्हा हुंडाबळी होत नव्हते का? होत होते. तरी कुणी म्हणालं नाही की आधी हुंडा थांबवा मग प्रेमकथा लिहा. कारण सगळ्यांना आतून माहीत होतं की पोरीला चांगला नवरा कसा असतो हे गोष्टीतनं कळलं तरच ती वाईट नवऱ्याला वाईट म्हणेल. ह्या पोरांना पण कळायला नको का चांगलं घर कसं असतं, त्यात कोण चहा करतो आणि कोण भांडी घासतो आणि भांडण झालं तर कोण आधी बोलतो? मार कसा असतो ते त्यांना पुस्तकातनं शिकायची गरज नाही.

आणि हलकं लिहिणं सोपं नसतं हो. पु.लं.नी आमच्याच बेळगावात मास्तरकी केली आणि इथला रावसाहेब उचलून सगळ्या महाराष्ट्राला दिला, कन्नड-मराठीची मिसळ आणि शिव्यांसकट, आणि आजपण ते वाचताना लोक हसता हसता डोळे पुसतात. सीमाभागाला हसत लिहिलेलं पेलतं, ते आमचंच आहे.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा, कारदगा, आमच्याकडं हिवाळ्यात गावागावात मराठी साहित्य संमेलनं भरतात, सरकारचा आधार नसताना गावकरी वर्गणी काढून भरवतात, ग्रंथदिंडीला बायका डोक्यावर कळस घेऊन चालतात, ह्याचा मला फार अभिमान आहे. ह्यात दुपारी जेवणानंतर कथाकथन असतं आणि मंडप सगळ्यात जास्त तेव्हाच भरतो, शेतातनं आलेली माणसं, शाळेची पोरं, म्हाताऱ्या, सगळे. एका संमेलनात, एका सत्रात, ही गोष्ट होऊ दे. परिसंवाद नको, 'समलैंगिकता : एक चिंतन' असला विषय तर अजिबात नको, त्याला पुढच्या दोन रांगा उरतील. गोष्टच पाहिजे. दोन पोरं, एक पडकं घर, कौलाचा रंग कुठला यावरनं वाद. माणसं हसली की मग ती पोरं मंडपातल्या सगळ्यांची होतात. आणि लायब्ररीवाल्यांनी असं पुस्तक आलं तर वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवू नये, प्रेमकथांच्या फळीवर ठेवावं, बाकीच्यांच्या मधे.

मी आमच्या भागातल्या एका संमेलनाच्या बैठकीला जाणार आहे आणि हे तिथं बोलणार आहे, कुणी उठून गेलं तरी.

भावाला मी नंतर एक शब्द सुचवलो, जोडीदार. आमच्याकडं तालमीत पण तो चालतो, शेतात बैलाला पण चालतो, आणि नवरा-बायकोला पण. त्यानं अजून मावशीला सांगितलेलं नाही, धीर गोळा करतोय. माझ्या आईला मात्र अर्धंमुर्धं सांगितलं, ती ऐकून घेतली आणि बराच वेळ काही बोलली नाही, वाती वळत बसली. दोन दिवसांनी मला विचारली, "मे महिन्यात येतोय का गं तो? जोडीदाराला पण घेऊन ये म्हणावं, मागच्या पडवीची कौलं चाळायची हायत, एकट्यानं व्हायचं नाही ते."